डिशमध्ये उरलेली बेटं

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या संस्थेच्या संचालक मॅडम. व्यासपीठावर बसलेले, ज्यांच्या हाताखाली माझे सगळे केस पांढरे झाले ते आमचे थोरले सर. ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या प्राणिघराच्या मावशी. पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक. समोरचे शास्त्रज्ञ, विद्यार्थी, ऑफिसातली मंडळी, आणि चहाची किटली आधी दिसावी म्हणून मागच्या दाराला चिकटून बसलेले माझे जुने सोबती, तुम्हां सर्वांना या म्हाताऱ्याचा नमस्कार.

हा माइक चालू आहे ना? मागच्यांनी हात वर करा. ठीक. या हॉलमधल्या माइकवर माझा कधीच भरवसा नव्हता. माझ्या स्वतःच्या निरोपाला हा मध्येच मुका झाला होता, आणि माझ्या भाषणातली एकुलती एक कविता फक्त पहिल्या दोन रांगांना ऐकू गेली. अपघात होता असं सगळे म्हणतात. असेलही.

मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. दहा दिवसांपूर्वी ऑफिसातून फोन आला. "काका, मावशींच्या निरोपाला तुम्ही बोलायचं."

मी म्हटलं, "मीच का?"

"मावशींनीच सांगितलंय. म्हणाल्या, बाकी कुणी नाही बोललं तरी चालेल, पण बगळ्याला बोलवा."

फोन ठेवला तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. घरी आमची मंडळी म्हणाली, "अहो, मानाने बोलावलंय तर जा की आनंदाने! कुणी फुलं दिली तरी तुम्ही आधी देठ तपासाल." खरं आहे तिचं. पण देठ तपासण्यासारखं कारण माझ्याजवळ आहे, आणि ते बावीस वर्षं जुनं आहे. तिला ते ठाऊक नाही. तुम्हांलाही नाही. आता व्हायचं आहे.

टेबलावर ही काळ्या पुठ्ठ्याची नोंदवही ठेवली आहे, ती पाहून दोघांनी मला विचारलं, "काका, प्रदर्शन आहे का?" प्रदर्शनच म्हणा. पण माझं.

मावशींना सगळेच मावशी म्हणतात. त्या माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत, तरी मीही मावशीच म्हणत आलो. आणि मी बगळा. नव्या मुलांना हे नाव का पडलं ते माहीत नसेल, म्हणून माझं काम थोडक्यात सांगतो. थोडक्यात सांगतो म्हणालो की तुमच्या पोटात गोळा येतो, ते मला इथून दिसतंय.

आपल्या पोटात स्वादुपिंड नावाचा एक अवयव आहे. त्याच्या मऊ, फिकट पसाऱ्यात ठिकठिकाणी पेशींचे बारीक पुंजके असतात. शास्त्रज्ञांनी त्यांना नाव दिलं बेटं. एवढ्या कोरड्या शास्त्रात एवढं गोड नाव! मी नोकरीला लागलो तो पगाराकडे बघून नव्हे, त्या एका शब्दावर भाळून लागलो. या बेटांवर इन्सुलिन तयार होतं. मधुमेहात ती बेटं उजाड होत जातात. आमचं काम असं, की काही उंदीर निरोगी ठेवायचे, काहींना औषध टोचून मधुमेह घडवायचा, आणि मग दोघांच्या बेटांमध्ये कोणतं जनुक किती काम करतंय ते मोजायचं. प्रत्येक पेशीत पोथी तीच असते, पण कोणतं पान किती वेळा वाचलं जातंय, त्यावर सगळं अवलंबून. यालाच जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. थोरले सर हे आकडे वाचायचे. त्यांना लागणारी बेटं मी वेचायचो.

स्वादुपिंड एन्झाइममध्ये विरघळवलं की बेटं सुटी होतात. ती काळ्या तळाच्या डिशमध्ये ओतायची, मायक्रोस्कोपखाली मान वाकवायची आणि पिपेटच्या टोकाने एकेक टिपायचं. एका ट्यूबमध्ये शंभर. निरोगी उंदरांच्या डिशला निळी खूण, मधुमेही उंदरांच्या डिशला लाल. प्राणिघरात त्यांच्या पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्याही त्याच रंगांच्या. दिवसभर पाण्यावर मान वाकवून एकेक टिपणाऱ्याला लोक बगळा नाही तर काय राजहंस म्हणणार?

त्या वर्षी थोरल्या सरांनी मोठा प्रयोग मांडला. आणि आकडे फसायला लागले. लाल खुणेच्या ट्यूबमध्ये इन्सुलिनच्या जनुकाचा आवाज बसायला हवा होता, तो बसेचना. उंदरांची रक्तशर्करा आदल्या दिवशी आभाळाला टेकलेली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचीच बेटं जवळजवळ निरोगी उंदरांसारखी गाणी गाताहेत! एकदा झालं, दोनदा झालं, महिना उलटला.

प्रयोगशाळेत आकडा जुळला नाही की माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. तुम्हीही बघता, मान खाली घालू नका. चहाच्या टेबलावर गप्पा बंद झाल्या. कपाटांना कुलपं लागली. प्रत्येक जण आपल्या बाटलीवर पेनाने रेघ मारून ठेवू लागला, म्हणजे पातळी उतरली की कळावं. सर्वांत जास्त रेघा माझ्या बाटल्यांवर होत्या.

एका सकाळी मी प्राणिघराच्या दाराच्या काचेतून डोकावलो. मावशी दोन पिंजरे शेजारी शेजारी उघडून बसल्या होत्या, आणि दोन्हींच्या चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवलेल्या. एक लाल, एक निळी. त्या कशावर तरी हात फिरवत होत्या. मी आत जाऊन "काय करताय?" असं एकदा विचारायला हवं होतं. मी नाही विचारलं. मी मागे सरलो, जिना चढलो, आणि वर येईपर्यंत माझ्या डोक्यात गोष्ट पूर्ण रचून झाली होती. कवितेची आवड असलेल्या माणसाला हा रोग असतो. दोन ओळी दिसल्या की तिसरी तो आपल्या मनाची जोडतो.

त्याच दुपारी थोरल्या सरांनी विचारलं, "प्रयोगाच्या दिवशी सकाळी चिठ्ठ्यांना कोण हात लावतं?"

"मावशी. पिंजरा साफ करताना जुन्यावरची चिठ्ठी काढून नव्याला लावतात." हे खरं होतं. इथे थांबायला हवं होतं. "आणि आज दोन पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या एकदम काढून बसल्या होत्या. मी डोळ्यांनी पाहिलं."

"खात्री आहे?"

"संशय आहे, सर."

"मग संशय म्हणून लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

प्राणिघराच्या या नोंदवहीत मी लिहिलं, खाली सरांनी सही केली. माझी सही नाही. चांगल्या अक्षराला सही लागत नाही.

मावशींना बोलावून ते पान दाखवलं. मी कोपऱ्यात उभा होतो, ट्यूब पुसल्यासारखं करत. मावशी म्हणाल्या, "साहेब, लाल चिठ्ठीचे उंदीर आजारीच आहेत. दोन्ही पिंजऱ्यांत अंथरलेला भुसा हातात घेऊन बघितला मी आज. निळ्याचा कोरडा, लालचा पिळून काढावा असा. चिठ्ठी चुकेल एखादी वेळ. उंदीर मुतायचा विसरेल का?"

हसताय तुम्ही. तेव्हा कुणी हसलं नाही.

सर म्हणाले, "मावशी, इथे आकडे लागतात."

"आकडाच सांगते. निळ्याचा भुसा आठवड्यातून दोनदा बदलते, लालचा दिवसातून दोनदा."

मधुमेही जनावर पाणी फार पितं आणि भुसा फार भिजवतं, हे आम्हां सगळ्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. पण सांगणारी बाई भुशाची होती, म्हणून ते कुणाच्या कानात शिरलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मावशी तळमजल्यावर, काचसामान धुण्याच्या खोलीत. प्राणिघरात पाऊल टाकायचं नाही.

आणि गंमत ऐका. मावशी गेल्या, नवा माणूस आला, चिठ्ठ्यांना कुलूप लागलं, किल्ली सरांच्या खिशात. आकडे तसेच!

शहाणा माणूस इथे थांबून विचार करतो. मी काय केलं? मला वाटलं, यांच्याकडे दुसरी किल्ली आहे. मी पाळत ठेवली. खरंच ठेवली, मावशी. तुम्ही किती वाजता येता, कोणत्या जिन्याने जाता, सगळं. आणि एक दिवस तुम्ही प्राणिघराच्या बंद दाराला कान लावून उभ्या दिसलात. मला वाटलं, सापडली!

"इथे काय करताय?" मी असा ओरडलो की त्या दचकल्या.

"ऐकतेय, भाऊ."

"काय ऐकताय?"

"बाटल्या. पाणी असलं की उंदीर चाटतो तेव्हा बारीक चुकचुक येते. कोरडी पडली की बाटलीच्या तोंडातली लोखंडी गोळी नुसती टकटक वाजते. तीन बाटल्या तशा वाजतायत. आत सांगा कुणाला तरी, मला जाता येत नाही."

मी आत गेलो. तीन बाटल्या कोरड्या होत्या. तिन्ही लाल चिठ्ठीच्या. मी भरायला सांगितल्या, आणि जिना चढताना माझ्या मनात काय आलं असेल? यांना आधीच कसं कळलं? संशय हा असा पाहुणा आहे, मंडळी. त्याला जेवायला वाढलं नाही तरी तो पोट भरून उठतो.

असे आठ महिने गेले. मग एका दुपारी मावशी माझ्या टेबलाशी आल्या. हातात दोन न धुतलेल्या डिश.

"भाऊ, धुवायच्या आधी दाखवायला आणल्या. वेळ आहे का?"

"बोला."

"ही निळ्या खुणेची. हिच्यात तुम्ही काही ठेवत नाही, चाटूनपुसून साफ. ही लाल खुणेची. हिच्यात खसखशीसारखं काहीतरी उरतं. रोज उरतं. म्हटलं, टाकायचंच असतं, की राहून जातं?"

मी लाल डिश मायक्रोस्कोपखाली धरली.

ती बेटं होती. आकसलेली, कडा कुरतडल्यासारख्या, काही नुसती चिमूटभर, काही एका बाजूने खचलेली. मी एकशे साठपर्यंत मोजली आणि मोजणं सोडलं. माझ्या ट्यूबमध्ये शंभर होती, गोल, भरदार, मोत्यांसारखी. आणि ज्यांच्यावर खरा घाला पडला होता ती सगळी डिशमध्ये होती. रोज मी ती धुवायला पाठवत होतो.

कळलं ना काय झालं ते? निरोगी उंदराची बेटं बहुतेक सगळीच गोल, म्हणून ट्यूबमागून ट्यूब भरत जायची आणि निळ्या डिशमध्ये काही उरायचं नाही. मधुमेही उंदरात मी शोधून शोधून अजून तग धरलेली वेचायचो आणि शंभर भरली की थांबायचो. मग त्यांच्यातलं जनुक निरोग्यासारखं बोलणार नाही तर काय करणार? चिठ्ठ्या बरोबर होत्या, उंदीर बरोबर होते, भुसा तर पहिल्या दिवसापासून बरोबर होता. चूक होती ती माझ्या आवडीत.

आमच्या शाळेत कविता शिकवायला एक मास्तर होते. खिडकीकडे तोंड करून कविता म्हणायचे. अजून कधी दुपारी डोळा लागला की मला तो आवाज ऐकू येतो, खडूची पूड उन्हात तरंगताना दिसते. त्यांच्या वर्गात मी एक वही केली होती. प्रत्येक कवितेतली मला आवडलेली ओळ तेवढी त्यात उतरवायची, बाकी सोडून द्यायची. मोठ्या अभिमानाने मी ती वही मास्तरांना दाखवली. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "अक्षर सुरेख आहे रे. पण कवीला काय झालं होतं, ते तू गाळलेल्या ओळींत राहिलं." मी फक्त पहिलं वाक्य लक्षात ठेवलं. मास्तरांचं बोलणंही मी वेचूनच घेतलं.

आता ऐकायचं ते पुढे आहे.

मावशी माझ्या टेबलाशी उभ्या होत्या. त्यांनी पुन्हा विचारलं, "टाकायचं असतं ना, भाऊ?"

मी मायक्रोस्कोपवरून मान न उचलता म्हणालो, "हो, टाकायचंच असतं. धुवून टाका."

त्यांनी मायक्रोस्कोपखालून डिश काढून घेतली. मग म्हणाल्या, "बरं." आणि डिश घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी डोळ्यांना लगाम घातला. जे पिपेटपुढे येईल ते टिपायचं, सुंदर असो, नसो. पंधरवड्यात आकडे रुळावर आले. लाल ट्यूबमधला इन्सुलिनचा आवाज असा बसला की सरांनी उठून माझी पाठ थोपटली. म्हणाले, "एन्झाइमची नवी बाटली लागू पडली!" मी मान डोलावली. सर, आपण कानामागे हात धरला आहे, मोठ्याने सांगतो. बाटली नव्हती, सर. मी होतो.

आधीच्या आठ महिन्यांचे आकडे 'पिंजऱ्यांचा घोळ' असा शेरा मारून बाजूला ठेवले गेले. छापले गेले नाहीत, एवढीच देवाची कृपा. पण त्या शेऱ्याने घोळ मावशींच्या नावावर कायम झाला. त्या आठ महिन्यांत मावशी प्राणिघरात नव्हत्याच, आणि दोष तर एन्झाइमचा ठरला होता, हे कुणी ताडून पाहिलं नाही. दोन महिन्यांनी त्यांना प्राणिघरात परत घेतलं, तेही माणूस कमी पडला म्हणून. "तुमची चूक नव्हती" असं त्यांना कुणी सांगितलं नाही. ज्याला सांगता आलं असतं तो मान वाकवून बसला होता. त्याची मान मुळातच वाकडी, कुणाला शंका येणार?

प्राणिघराची मुख्य जागा दोनदा रिकामी झाली. दोन्ही वेळा ही वही उघडली गेली, दोन्ही वेळा जागा दुसऱ्याला गेली. ही समोर बसलेली त्यांची लेक शिकून इथेच मुलाखतीला आली, तेव्हा समितीतल्या एकाने हसत विचारलं, "म्हणजे त्या चिठ्ठीवाल्या मावशींची मुलगी का तू?" ट्यूबची यादी घेऊन मी त्याच खोलीत बसलो होतो. मुली, तू तेव्हा माझ्याकडे पाहिलं होतंस. मी छताच्या पंख्याकडे बघत होतो. तू दुसरीकडे नोकरी धरलीस, नाव काढलंस. चांगलं केलंस.

आता माझ्या संशयाकडे येतो. मावशींनी मलाच का बोलवावं?

गेल्या गुरुवारी दुपारी मी इथल्या भांडारात आलो आणि ही वही काढून घेतली. म्हटलं, ते पान अजून आहे का बघावं. शोधावं लागलंच नाही. वही आपोआप तिथेच उघडली. बाकीची पानं कडक, याच एका पानाचा कोपरा मळून मऊ झालेला. आणि पानात खूण म्हणून ठेवलेला हा लाकडाच्या भुशातला एक कुरळा छिलका. दाखवतो, मागच्यांना दिसणार नाही. खसखशीपेक्षा मोठा आहे, एवढंच.

पान वाचता वाचता मला एकदम उमगलं. मावशी दहा महिने काचसामान धूत होत्या. त्या काचसामानावर नावं, तारखा, खुणा कुणाच्या हाताच्या होत्या? माझ्या. दहा महिने त्या माझं अक्षर काचेवरून घासून काढत होत्या. या पानावरचं अक्षर त्यांना ओळखू येणार नाही होय? मावशी, तुम्हांला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या दुपारी डिश घेऊन माझ्याकडे आलात ते विचारायला नव्हे. मला संधी द्यायला आला होतात. आणि आजही त्यासाठीच बोलावलंत. असा आपला माझा संशय आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो खरा ठरावा असं वाटतंय.

पानावर लिहिलं आहे ते वाचतो. "प्राणिघरातील सेविकेने लाल व निळ्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केल्याचा संशय आहे. यापुढे जबाबदारीचे काम देऊ नये."

त्याखाली मी आत्ता, सभेसमोर, लिहितो आहे. अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही. "वरील नोंद खोटी आहे. चिठ्ठ्या बरोबर होत्या. बेटं निवडून वेचल्यामुळे आकडे चुकले. ती चूक वेचणाऱ्याची होती, आणि आठ महिन्यांनी कळूनही त्याने ती लपवली." या वेळी खाली सही करतो.

संचालक मॅडम, माझ्या सहीला आता किंमत नाही, आपली हवी. पेन मी आणलं आहे. दोन आणली आहेत, पहिल्यावर माझा भरवसा नाही.

आभार मानतो. थोरल्या सरांनी मला काम शिकवलं. संस्थेने बत्तीस वर्षं मला एका खिडकीशी बसू दिलं. तुम्ही सगळ्यांनी चहा निवत असताना ऐकून घेतलं. भाषण लांबलं, मध्येच मास्तर आले, कुणाचा मान राहून गेला असेल, ते सगळं आपण पोटात घालावं. बाकीचं मात्र सभेने माफ करू नये. ते सभेचं नाही. टाळ्याही वाजवू नका, कृपा करा.

मावशी, त्या दुपारी तुम्ही "बरं" म्हणालात आणि मी सुटलो. आज "बरं" म्हणू नका. इकडे वर या, काय म्हणायचं असेल ते म्हणा. माइक चालू आहे, मी तपासला आहे.